वाचक विचारतात: हडसनकाठची वेव्ह हिल बाग आणि तिच्यासमोरचे कडे

मागच्या अंकात न्यूयॉर्कच्या वेव्ह हिल बागेबद्दल ओझरतं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम तिलाच देतेय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात अगदी वायव्य टोकाला रिव्हरडेल नावाची वस्ती आहे, तिथे हडसन नदीच्या वर उंचावर २८ एकरांची ही जागा. १८४३ मध्ये बांधलेला दगडी बंगला, त्याभोवती श्रीमंतांची खाजगी इस्टेट, ती १९६० साली मालक कुटुंबाने शहराला देऊन टाकली आणि आता ती सगळ्यांसाठी बाग आणि कलाकेंद्र आहे. आता प्रश्न.

ताई नमस्कार. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला आहे, आम्ही दोघं मे महिन्यात जातोय. मागच्या खेपेला टाइम्स स्क्वेअर, लिबर्टीचा पुतळा सगळं झालं पण पायांचे तुकडे पडले, ह्यांचा गुडघा तर तेव्हापासून कुरकुरतोच आहे. वेव्ह हिल आम्हाला झेपेल का? आणि मुलगा ऑफिसला गेल्यावर आमचे आम्ही जाऊ शकू का? — एक वाचक, नाशिक

झेपेल, आणि मी तर म्हणते तुमच्यासारख्यांनीच जावं. इथे "बघून टाकायचं" असं काही नाही. आत शिरलात की मोठं हिरवं लॉन, त्यावर पसरलेल्या लाकडी पट्ट्यांच्या खुर्च्या, समोर खाली नदी आणि नदीपलीकडे काळपट उभे कडे. जाऊन बसायचं. या खुर्च्या रिटव्हेल्ड नावाच्या डच डिझायनरच्या जुन्या खुर्चीवरून बेतलेल्या आहेत आणि बागेची ओळखच झाल्यात, फक्त जरा खोलगट आहेत तेव्हा काकांना उठताना हात द्या.

चालायचं किती, तर लॉन, पर्गोला (खांबांवरचा वेलींचा मांडव), फुलांची बाग आणि काचघर हे सगळं जवळजवळ आहे आणि सावकाश फिरलं तरी होतं. वाइल्ड गार्डनमध्ये मात्र उतारावरच्या अरुंद वाटा आणि पायऱ्या आहेत, आणि २८ पैकी साधारण १० एकर नुसतं जंगल आहे, त्याची पायवाट खालीवर जाते, ते दोन्ही गुडघ्यासाठी सोडा. दमलात तर जुन्या बंगल्यातच कॅफे आहे, चहा-कॉफी मिळते.

आता जायचं कसं. एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन, तिथून ग्रँड सेंट्रल, तिथून मेट्रो-नॉर्थच्या हडसन लाइनने रिव्हरडेल. हा शेवटचा टप्पा साधारण अर्ध्या तासाचा आणि फार सुंदर, गाडी आधी हार्लेम नदीच्या आणि मग हडसनच्या अगदी काठाने जाते, डावीकडची खिडकी धरा. पण रिव्हरडेल स्टेशन नदीच्या पातळीवर आहे आणि बाग टेकडीवर, मधला चढ चांगलाच आहे, म्हणून बागेची मोफत शटल, म्हणजे ने-आण करणारी छोटी गाडी, घ्यायचीच. ती प्रत्येक ट्रेनला नसते, ठराविक ट्रेननाच असते, तेव्हा बागेच्या वेबसाइटवर शटलची वेळ आधी बघून मग ट्रेन ठरवा, उलटं करू नका. पेन स्टेशन ते ग्रँड सेंट्रल हा मधला तुकडा नवख्याला गोंधळवतो, म्हणून पहिल्यांदा मुलाला सुट्टीच्या दिवशी गाडीने न्यायला सांगा, जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडला की फार लांब नाही. एकदा रस्ता नजरेखालून गेला की पुढच्या वेळी तुमचे तुम्ही जाल. सोमवारी बंद असते. गुरुवारी प्रवेश फुकट असतो, तरी निघण्याआधी वेळा आणि तिकीट वेबसाइटवर एकदा बघाच, ऋतूप्रमाणे बदलतात.

कुठल्या महिन्यात जावं? — एक वाचक, बोरिवली

एकच भेट असेल तर ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात, तेव्हा समोरच्या कड्यांवरचं जंगल पिवळं-तांबडं होतं. फुलांसाठी एप्रिलअखेर ते जून. कमळं बघायची असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये पाणबाग. हिवाळ्यात काचघर आहेच, पण बाहेर नदीवरून येणारा वारा फार बोचतो, नीट कपडे घालून जा. मे महिन्यातसुद्धा स्वेटर बरोबर ठेवा.

माझी मुलगी फाइन आर्ट्सला आहे, सेमिस्टर संपलं की मावशीकडे अमेरिकेला चाललीय. कलाकेंद्र म्हणजे नक्की काय बघायला मिळतं, चित्रांचं म्युझियम आहे का? की बाग असतेच आणि भिंतीवर दोन चित्रं लावलीत असं? — एक वाचक, पुणे

म्युझियम नाही, म्हणजे जुन्या मास्टर्सचा संग्रह नाही, तो बघायचा तर न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन म्युझियमला जायचं. आणि दोन चित्रं लावलीत असंही नाही. इस्टेटमध्ये ग्लिंडोर नावाचं दुसरं घर आहे, लाल विटांचं, १९२०च्या दशकातलं, तिथे गॅलरी आहे आणि तिथली प्रदर्शनं निसर्ग, जमीन, झाडं, हवामान यांच्याशी बोलणारी असतात. त्या घराची सनरूम, म्हणजे उन्हाची खोली, नव्या आणि अजून नाव न झालेल्या कलाकारांना दिली जाते. तुमच्या मुलीने ती आवर्जून बघावी, एक खोली, तीन बाजूंनी ऊन आणि बाहेर बाग, यात माणूस काय मांडतो ते बघून खूप शिकायला मिळतं. शिवाय हिवाळ्यात बाग शांत असते तेव्हा याच घरातल्या खोल्या कलाकारांना कामासाठी स्टुडिओ म्हणून देतात. मला हे फार आवडतं, कारण कलाकाराला सगळ्यात आधी लागते ती जागा, आणि न्यूयॉर्कमध्ये जागेचा भाव काय आहे ते तिची मावशी सांगेलच.

जुन्या बंगल्याला आर्मर हॉल म्हणून एक मोठं दालन जोडलेलं आहे, त्याची गोष्ट तिला सांगा. बॅशफर्ड डीन नावाचे गृहस्थ इथे भाड्याने राहत. मूळचे माशांचे अभ्यासक, आणि मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये शस्त्रं आणि चिलखतांच्या विभागाचे प्रमुख, हे दोन्ही एकाच माणसात. स्वतःचा चिलखतांचा संग्रह ठेवायला त्यांनी १९२०च्या दशकाच्या शेवटी हे दालन बांधायला घेतलं. आज तिथे चिलखतं नाहीत, संगीताच्या मैफली होतात.

राहून गेलेल्यांची यादी मोठी आहे. विल्यम अ‍ॅपल्टन हे प्रकाशक १८६६ पासून मालक, यांच्याच कंपनीने डार्विनची पुस्तकं अमेरिकेत छापली, त्यामुळे डार्विनचा खंदा पाठीराखा हक्सले इथे पाहुणा म्हणून आला होता. १९०१ ते १९०३ मार्क ट्वेन भाड्याने राहत होते, त्यांनी लॉनवरच्या चेस्टनटच्या झाडात वर बैठकीची खोली बांधून घेतली होती. ट्वेननी हे घर सोडलं आणि पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, याच ब्रॉन्क्समध्ये, इथल्या प्राणिसंग्रहालयातल्या चेस्टनटच्या झाडांवर एक बुरशी आढळली आणि पुढच्या साधारण पन्नास वर्षांत तिने अमेरिकेतली काहीशे कोटी चेस्टनट झाडं संपवली, एका खंडाच्या पूर्व भागातलं जंगलच बदलून गेलं. बागेत फिरताना हे डोक्यात असू द्या, झाड दिसतंय म्हणून ते कायम राहणार असं नसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते ४५, प्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक टोस्कानिनी इथे राहिले.

आणि बाग हीच इथली सगळ्यात मोठी कलाकृती आहे असं माझं ठाम मत आहे. १९६७ मध्ये मार्को पोलो स्तुफानो या माणसाकडे बागेची जबाबदारी आली, तेव्हा जागा पार दुर्लक्षित होती आणि हाताशी पैसा नव्हता. स्तुफानोंनी आधी कलेचा इतिहास शिकला होता आणि मग बागकाम. २००१ पर्यंत ते तिथेच राहिले, जॉन नॅली हे त्यांचे साथीदार, दोघांनी मिळून एकेक कोपरा घेत बाग उभी केली. तुमच्या मुलीने स्केचबुक न्यावं आणि पर्गोलात बसून समोरचं काढावं, मग तिला कळेल की खांब कुठे उभे केलेत आणि का.

तुम्ही लिहिलं होतं की "या बागेतली सगळ्यात मोठी गोष्ट बागेच्या बाहेर आहे", म्हणजे समोरचे कडे. मुलीने फोटो पाठवला, बघितला. खरं सांगू का, आमच्या माळशेजपुढे ते काहीच नाही. त्यात एवढं काय? — एक वाचक, जुन्नर

काका, उंचीचं म्हणाल तर तुमचं अगदी बरोबर आहे. पॅलिसेड्सचे हे कडे जास्तीत जास्त साडेपाचशे फूट, सह्याद्रीच्या माणसाला ते टेकाड वाटणारच. पण हे कडे आज तिथे आहेत ते कसे राहिले, ते ऐका, कारण ही गोष्ट तुमच्या-माझ्या गावाची आहे.

दगडापासून सुरू करते. आपला बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, पॅलिसेड्सचा दगड साधारण २० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तिथला रस जमिनीवर न येता आतच थरांमध्ये घुसून हळूहळू थंड झाला. पण जात जवळची, तोच काळा जड टणक दगड, थंड होताना उभे खांब पडलेले, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला दिसतात ना तसे. आणि असा दगड कशाला उत्तम? खडीला! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्क झपाट्याने वाढत होतं, रस्ते आणि काँक्रीटला खडी हवी होती, आणि नदीपलीकडे न्यू जर्सीच्या काठावर फुकटात उभा असल्यासारखा डोंगर. सुरुंग लागले. न्यूयॉर्कच्या काठावरच्या लोकांना रोज धडाम धडाम ऐकू यायचं, कड्यांचे नाव असलेले सुळके अख्खे उडवले गेले.

याविरुद्ध सगळ्यात चिकाटीने उठल्या त्या न्यू जर्सीतल्या बायका, तिथल्या महिला मंडळांचा महासंघ. त्यांनी हा विषय सरकारापुढे लावून धरला. शेवटी १९०० साली दोन्ही राज्यांनी मिळून पॅलिसेड्स इंटरस्टेट पार्क कमिशन नेमलं. तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते थिओडोर रूझवेल्ट (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते), आणि हे रूझवेल्ट लहानपणी, १८७० आणि ७१ चे उन्हाळे, आईवडिलांबरोबर याच वेव्ह हिलच्या बंगल्यात राहिले होते, रोज समोर हेच कडे. कमिशनचे प्रमुख नेमले जॉर्ज पर्किन्स, रिव्हरडेलचेच रहिवासी, मोठे उद्योगपती, पुढे बडे बँकर जे. पी. मॉर्गन यांचे भागीदार. सरकारने दिलेले पैसे तुटपुंजे होते, पर्किन्स मॉर्गनकडे गेले आणि मॉर्गननी १ लाख २२ हजार ५०० डॉलर दिले, त्यातून मोठी खाण विकत घेतली आणि १९००च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथले सुरुंग थांबले. १९०३ मध्ये पर्किन्सनी वेव्ह हिल विकत घेतलं आणि पुढे त्यांच्याच वारसांनी ते १९६० ला शहराला दिलं.

आता कुणी म्हणेल की पर्किन्सना स्वतःच्या खिडकीतलं दृश्य वाचवायचं होतं. असेलही. पण त्यांनी त्या बाजूची जमीन स्वतःच्या नावावर घेतली नाही, सार्वजनिक पार्क केलं, आणि मग अलीकडची बाजूही लोकांची झाली, त्यामुळे आज तुमची मुलगी बसून फोटो काढते तेव्हा दोन्ही काठ तिचे आहेत. माझ्या लेखी बागेचा खरा अर्थ हा आहे. कुंपणाच्या आत कितीही गुलाब लावा, समोर डोंगराचा लचका तोडलेला दिसत असेल तर बाग अर्धीच.

आणि हे एकदा वाचवलं म्हणजे झालं असंही नाही. पुढे अब्जाधीश घराण्यातल्या रॉकफेलर यांनी कड्यांच्या माथ्यावरची जमीन विकत घेऊन दिली म्हणजे वर उंच इमारती येऊ नयेत. तरी या शतकात एलजी कंपनीचं ऑफिस कड्याच्या माथ्यामागे १४३ फूट उंच होणार असं ठरलं, झाडांच्या रेषेच्या वर डोकं काढणारं, त्यावर लोक कोर्टात गेले, आरडाओरडा केला, आणि २०१५ मध्ये समझोता होऊन उंची निम्म्यावर आली. कंपनी तिथेच आहे, ऑफिसही झालं, फक्त झाडांच्या खाली राहिलं.

तुमच्या जुन्नरला लेण्यांचे डोंगर आहेत. रस्त्याकडेला खडी क्रशर दिसतात, पांढरी धूळ बसलेली झाडं दिसतात. विकास नको असं मी म्हणत नाही, खडी लागतेच, घर माझंही खडीचंच आहे. पण कुठला डोंगर खडीचा आणि कुठला डोळ्यांचा, हे गावाने बसून ठरवायला हवं, ते ठेकेदाराने ठरवू नये. तिथे बायकांच्या मंडळांनी ते केलं, आपल्याकडे महिला मंडळं काय कमी आहेत?

ताई, मी गच्चीवर बाग करते, सगळं कुंड्यांत. एवढ्या मोठ्या इस्टेटीतून मला घेण्यासारखं काय? — एक वाचक, कोल्हापूर

भरपूर. पहिलं म्हणजे पडकं वापरणं. जुनी काचघरं पडली त्यांचे पाये तसेच ठेवून आत ड्राय गार्डन आणि हर्ब गार्डन केलंय. दगडी जोत्याच्या आतली जागा उबदार राहते, पाण्याचा निचरा होतो, म्हणून कमी पाण्याची आणि उष्ण हवेची झाडं तिथे खूश. तुमच्या गच्चीवरही पाण्याच्या टाकीची दक्षिणेकडची भिंत अशीच तापत असेल, तिथे नाजूक फर्न ठेवून रोज पाणी मारण्यापेक्षा कोरफड, अडुळसा, ओवा असलं काहीतरी ठेवा.

दुसरं, अल्पाइन हाउस. उंच पहाडावरची बोटभर झाडं, प्रत्येक आपापल्या कुंडीत, आणि डोळ्यांच्या पातळीवर मांडलेली. म्हणून ती दिसतात! जमिनीवर ठेवली असती तर कुणी वाकून बघितलं नसतं. लहान झाड उंचावर ठेवा, एवढं केलंत तरी गच्ची बदलेल. पर्गोलातही उन्हाळ्यात कुंड्यांचे गट करून ठेवतात, मोठं पान, बारीक पान, लोंबणारं असं एकत्र, फुलांवर फारसं अवलंबून न राहता. थंडीत हीच नाजूक झाडं आत जातात. तुमच्याकडे थंडीचा प्रश्न नाही पण कोल्हापूरचा पाऊस आहे, तेव्हा कॅक्टस आणि सक्युलंट जूनआधी पत्र्याखाली घ्या.

आणि वाइल्ड गार्डन. विल्यम रॉबिन्सन नावाच्या आयरिश माळ्याने एकोणिसाव्या शतकात मांडलेला विचार, की रांगेत लावलेल्या फुलांपेक्षा झाडांना एकमेकांत मिसळू द्यावं, स्वतः रुजू द्यावं. बघणाऱ्याला वाटतं आपोआप उगवलंय, पण त्यामागे माळ्याची रोजची नजर असते, काय उपटायचं आणि काय ठेवायचं. कुंडीत आपोआप आलेलं रोप लगेच उपटू नका, दोन पानं फुटू दे, काय आहे ते ओळखा मग ठरवा.

आपल्याकडे असं काही आहे का? की अमेरिकेचंच कौतुक? — एक वाचक, ठाणे

आहे, आणि तुमच्यापासून लोकलच्या अंतरावर आहे. भायखळ्याची राणीची बाग. लोक तिथे पेंग्विन आणि वाघ बघायला जातात, पण ती १८६०च्या दशकात सुरू झाली ती वनस्पतिउद्यान म्हणून, आणि तिथली जुनी झाडं, गोरखचिंच वगैरे, मुंबईत इतरत्र एकत्र बघायला मिळणार नाहीत. आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ चं, आणि तिथे जुन्या वस्तूंबरोबर आजच्या कलाकारांची प्रदर्शनंही होत आलीत. म्हणजे बाग आणि कला एका आवारात, दोन्ही सार्वजनिक. या शतकात प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्यात झाडांचं काय होणार म्हणून मुंबईतल्या काही नागरिकांनी, त्यातही बायकाच पुढे, झाडांची नोंद करत मोठी मोहीम चालवली. त्यांचं काम मला पॅलिसेड्सच्या बायकांइतकंच मोलाचं वाटतं. पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला गर्दी होते पण इतर दिवशी जा, जुने वृक्ष शांतपणे बघता येतात.

कौतुक अमेरिकेचं नाही. जिथे लोकांनी जागा राखली तिथलं आहे.

डबा नेता येतो का? नातवंडं बरोबर आहेत, बॉल नेऊ का? — एक वाचक, सध्या मुक्काम जर्सी सिटी

डबा नेता येतो, पण लॉनवर चादर अंथरून बसायचं नाही, पिकनिकसाठी जागा ठरवून दिलीय तिथेच बसून खायचं. पोळीभाजीचे रोल सगळ्यात सोयीचे, रस्सा नको. बॉल, फ्रिस्बी, सायकल हे काही चालत नाही, घरीच ठेवा. मुलांना काचघरातल्या कॅक्टसच्या खोलीत न्या, तिथे ती आपोआप हात मागे बांधून चालतात.